'पॅनिक आहे, जाईल'

ताई,

तुझ्यावर माझा राग आहे, हे आधीच सांगून टाकतो. गेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात. पण तू होतीस तेव्हाही आपल्या बोलण्याची सुरुवात भांडणानंच व्हायची, मग आता उगाच हात जोडून कशाला बसू? तू असतीस तर म्हणाली असतीस, "बाबू, नाटकं नको करू, सरळ बोल." तर सरळच बोलतो.

नाल्याचं पाणी उतरल्यावर मी तुला आणायला पोचलो. भामरागडच्या रस्त्याला फाटा फुटतो, तिथून आत तुमची आश्रमशाळा, आणि शाळा नि गाव यांच्या मधे तो नाला. वसतिगृहाच्या व्हरांड्यात तुला सतरंजीवर निजवलं होतं. उशाशी तुमच्या स्वयंपाकाच्या बेबीबाई बसल्या होत्या. मुलींना आत नेऊन बसवलं होतं. मी विचारलं, झालं कसं? बेबीबाई म्हणाल्या, "बाईच्या छातीत दुखून राह्यलं होतं. आमी धावलो तं म्हनल्या, काई नाई, पॅनिक आहे, जाईल. मंग जराशानं..." डॉक्टरांनी कागदावर हृदयविकाराचा झटका असं लिहिलं.

तेव्हापासून तो शब्द माझ्या डोक्यातून जाईना. ज्या शब्दाच्या आधारानं तू आयुष्यभर उभी राहिलीस, त्यानंच तुला ऐन वेळी दगा दिला, असं मी धरून चाललो. खरं दुखणं दारात आलं आणि तू त्याला जुन्याच नावानं हाक मारलीस. इंग्रजी शिकवणारी बाई, लोकांना शब्दांचे अर्थ सांगणारी, आणि स्वतः एका शब्दावर विश्वासून बसली. दहावं झालं, तेरावं झालं, लोक येऊन बसून गेले. मला कोणाच्याही बोलण्यात रस नव्हता. मला एवढंच जाणून घ्यायचं होतं की त्या वेळी तुला कळलं होतं की नव्हतं.

हे दुखणं आपल्या घरात आलं तेव्हा त्याला नाव नव्हतं. तू डी.एड.ला होतीस, मी हायस्कुलात. सावली गावच्या बाजारात मायनं आपल्याला भाजी आणायला पाठवलं होतं. वांगी निवडता निवडता तू खाली बसलीस. तोंड पांढरंफटक, कपाळावर घामाचे थेंब, श्वास नुसता वरच्यावर. आजूबाजूला भ्यावं असं काहीच नव्हतं. वांगीवाली बाई पाणी घेऊन आली. तू माझं मनगट असं धरलंस की नखं रुतली. "माझा जीव चालला बाबू, माझा हात नको सोडू," म्हणालीस. थोड्या वेळानं तुझं तुलाच बरं वाटलं, आपण वांगी घेतली आणि घरी आलो. येताना तू बजावलंस की मायला सांगायचं नाही. मी सांगितलं.

मग जे व्हायचं ते सुरू झालं. मायनं मीठ-मोहऱ्या उतरवून टाकल्या. बाबांनी कोणाच्या सांगण्यावरून एका पुजाऱ्याला बोलावलं, त्यानं लिंबू कापलं, काळी कोंबडी मागितली आणि बांधावरच्या चिंचेचं नाव सांगितलं. त्या चिंचेखालून तू रोज जायचीस. पुढं कितीतरी दिवस मलाच त्या चिंचेखालून जाताना धास्ती वाटायची, तू मात्र मुद्दाम तिथं उभी राहून चिंचा पाडायचीस. तरी ते यायचं. धानाच्या रोवणीच्या चिखलात यायचं, एसटीत यायचं, ताटावर बसलेली असताना यायचं. आलं की तू जवळ जो असेल त्याचा हात धरायचीस. मायचा, माझा, एकदा तर पोस्टमनचा. तो बिचारा बॅग खांद्याला लावून तसाच उभा राहिला होता.

गोंडपिपरीकडचे पाहुणे तुला पसंत करून गेले होते. नंतर त्यांच्या कानावर गेलं की पोरीले काहीतरी येते. ते पुन्हा आले नाहीत, निरोपही आला नाही. मायनं डोळ्याला पदर लावला. तू म्हणालीस, "बरं झालं माय, तिकडं कापूस येचाव लागला असता, मले चिखलाची सवय." सगळे हसले. पण त्या दिवशी शेतात तू कोणाशीच बोलली नाहीस, आणि मला ते दिसलं होतं. तुझ्याशी त्याबद्दल बोलायचं मात्र राहून गेलं. नंतर तुझ्या लग्नाचा विषय घरात निघाला की तूच उठून गुरांना पाणी पाजायला जायचीस.

शेवटी कॉलेजातल्या मैत्रिणीबरोबर तू चंद्रपूरला डॉक्टरांकडे गेलीस. परतलीस ती एसटीतून उडी मारून. मला वाटलं, नोकरीचा कागद आला. तू म्हणालीस, "बाबू, याचं नाव भेटलं. पॅनिक म्हणते याले. जगात लोकायले होते हे. यानं कोणी मरत नाई. येते आनि जाते." तुझ्या पर्समध्ये गोळ्या होत्या, पण गोळ्यांचं तुला काही विशेष नव्हतं. नाव मिळालं याचाच तुला आनंद झाला होता. मी तुझी थट्टा केली. म्हटलं, इंग्रजी नाव ठेवलं म्हून दुखणं पळते काय? तसं असेल तर आपल्या लंगड्या बैलाचंही एखादं इंग्रजी नाव ठेवू. तू मला पायातली चप्पल फेकून मारलीस.

आपलं खरं भांडण तिथून सुरू झालं आणि तू जाईपर्यंत मिटलं नाही. दिवाळीनंतर आपल्या भागात गावोगाव मंडईची जत्रा भरते, नाटकं होतात, आणि मी पडद्यामागं बसून नटांना वाक्यं पुरवणारा माणूस. भीतीचे शब्द माझ्या तोंडात बारमाही असतात. मी म्हणायचो, एका शब्दासाठी साहेबाच्या दारात कशाला जातेस, आपल्याकडे पोतंभर आहेत. पाचावर धारण बसते, बोबडी वळते, गाळण उडते, छातीत धडकी भरते. तू एकेक शब्द हातात घेऊन, तांदळातला खडा टाकावा तसा बाजूला टाकायचीस. धडकी भरायला समोर काहीतरी लागतं, म्हणायचीस, मला तर भर बाजारात वांगी पाहून झालं. दचकणं एका क्षणाचं. धसका घेतला की तो वर्षानुवर्षं घर करून राहतो, हे तसं राहत नाही. बोबडी तर फक्त तुझ्या नाटकातल्या विनोदी नोकराची वळते. "भेव येगळं बाबू. भेवाशी बोलता येते. त्याले इचारता येते का बापा तू काऊन आला. पॅनिकले इचाराले गेलं तं आपनच जाग्यावर नसतो."

एकदा तू ते मला समजावून दिलंस, ते मात्र मी आजपर्यंत विसरलो नाही. मामाच्या गावाला आपण मोह वेचायला गेलो होतो. तिथली पद्धत अशी की वेचणारे एकमेकांना दिसले नाहीत तरी थोड्या थोड्या वेळानं हाक द्यायची, आणि ऐकणाऱ्यानं परत हाक द्यायची. तेवढ्यात पलीकडे चितळ ओरडलं. एकच. आणि सगळा कळप उधळला. त्यातली काही चितळं तर ज्या बाजूनं आवाज आला त्याच बाजूला पळाली. मामीनं आपल्याला एकत्र ओढून घेतलं, मोठमोठ्यानं बोलत आपण पाठीपाठीनं वाटेवर आलो. वाघ आपल्याला दिसला नाही. पुढं कितीतरी वर्षांनी तू म्हणालीस, "वाघ त्या एकानं पाह्यला असन. बाकीचे त्याले पाहून पळाले. वाघानं मरत नाई तेवढे जनावरं पळून मरते. हे पॅनिक. आनि मले होते ना, तवा माह्या आतमंदी असाच कळप पळते, वाघ कोणीच पाह्यला नसते." मी म्हटलं, मग भेदरणं म्हण. तू विचारात पडलीस. पहिल्यांदाच तू लगेच नाही म्हणाली नाहीस. यंदाच्या पोळ्याला घरी येशील तेव्हा याचा निकाल लावू असं ठरलं होतं. पोळा झाला. बैल धुतले, सजवले, तोरणाखालून नेले, आणि तुझ्या भावजयीनं, मंदानं, सवयीनं तुझ्या वाटणीच्या पुरणपोळ्या बाजूला काढल्या. मग तिच्या लक्षात आलं आणि ती चुलीपाशी तशीच बसून राहिली.

नोकरी लागली ती भामरागडकडे. बाबा म्हणाले, नको जाऊ, पावसाळ्यात तिकडं रस्ता बंद होतो, कोणी विचारायला नाही. तू म्हणालीस, मला रस्त्याची काय गरज, मला वर्ग पाहिजे. गेलीस ती तिथलीच झालीस. मुली घरात माडिया बोलणाऱ्या, शाळेत मराठी शिकणाऱ्या, आणि त्यांच्यावर तू तिसरं इंग्रजीचं ओझं टाकणार. पण तुझी इंग्रजी पुस्तकातून निघायची नाही. पॅनिक हा शब्द तू त्यांना चितळांवरूनच शिकवलास. कोणी पाहिलं? एकानं. पळाले किती? सगळे. मग मुलींना सांगायचीस की या शब्दाचा भूतकाळ करताना मधे एक 'के' घालावा लागतो, तो के म्हणजे पळणाऱ्या चितळाच्या पायात घातलेला अडसर. फोनवर हे सांगून तू स्वतःच हसायचीस. मी म्हणायचो, तुझ्या मुली परीक्षेत चितळच लिहून येतील.

त्या सापाची गोष्ट मी तुझ्याच तोंडून ऐकली होती. वसतिगृहात कौलांतून साप खाली पडला. एक मुलगी किंचाळली आणि साऱ्या जणी एका दाराकडे धावल्या. साप कोपऱ्यात निपचित पडून होता, त्याच्या वाटेला कोणी गेलं नाही. दारात चेंगरून एका लहानीचा हात मात्र मोडला. त्या लहानीला घेऊन तू ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून दवाखान्यात गेलीस. परत आल्यावर तू नियम केलास. काहीही होवो, साप येवो, आग लागो, अस्वल येवो, बाईनं मोठ्यानं 'पॅनिक' म्हटलं की असेल तिथं खाली बसायचं आणि शेजारणीचा हात धरायचा. मग सगळ्यांनी पाळीपाळीनं एकेका झाडाचं नाव घ्यायचं. श्वास जाग्यावर आला की बाई सांगेल काय करायचं ते. प्रार्थनेनंतर तू त्याचा सरावही घ्यायचीस. मी म्हटलं होतं, जगात हा शब्द ऐकून लोक पळतात, तुझ्या शाळेत बसतात. तू म्हणालीस, म्हणून तर शिकवला.

इकडं मात्र तो शब्द स्वस्त होत गेला. मोबाइल आला, साथ येऊन गेली, तेव्हापासून जो तो तेच म्हणतो. पेपर अवघड गेला, पोरगं म्हणतं पॅनिक झालो. धानाला कीड लागली, कृषी केंद्रवाला म्हणतो पॅनिक होऊ नका. गावात वाघ फिरतो म्हणून भोंगा लावून गाडी येते, तिच्यातूनही तेच. मला चीड यायची. माझ्या बहिणीनं ज्याच्यासाठी काळी कोंबडी दिली, लग्न गमावलं, तो शब्द हे लोक चण्या-फुटाण्यासारखा तोंडात टाकतात. तुला सांगितलं तर तू म्हणालीस, "वापरू दे ना. लपून ठेवाव लागत नाई, हेच लय झालं." तुझं बरोबर होतं. पण तू गेल्यावर कृषी केंद्रात पुन्हा तो शब्द ऐकला आणि मी औषध न घेताच उठून आलो.

आज बेबीबाई तुझ्या मुलींना घेऊन घरी आल्या. तुझी बॅग द्यायची होती. तिघी होत्या, त्यातली मोठी सुनी, जिच्याबद्दल तू फोनवर सारखं बोलायचीस, ती दहावीतली. पहाटे निघून दोन गाड्या बदलून आल्या होत्या. सोबत कोवळे बांबूचे कोंब आणले होते, तिकडे ज्याला वास्ते म्हणतात. मंदानं तुझी पद्धत आठवून त्याची भाजी केली. जेवण झाल्यावर मीच विचारलं. बेबीबाई त्या वेळी चुलीपाशी होत्या, त्यांनी शेवटचंच पाहिलं होतं. सुनीनं पहिल्यापासून पाहिलं होतं.

भर दुपार होती, म्हणाली. पाऊस थांबत नव्हता. तू लहान मुलींच्या वेण्या घालत पायरीवर बसली होतीस. मधेच कंगवा खाली ठेवलास आणि छातीवर हात दाबून भिंतीला टेकलीस. घाम आला. मुली गोळा झाल्या. सुनी आणि तिची एक मैत्रीण, दोघी नाल्यावरच्या रपट्याकडे, त्या बुटक्या पुलाकडे धावल्या, पलीकडून डॉक्टरांना आणायला. "रपट्यावर पानी कमरेच्या वर होतं भाऊ. झाडच्या झाड वाहून जाऊन राह्यलं होतं. पन आमाले वाटे, हात धरून जाऊ." त्या दोघींना पळताना पाहून मागच्या मुली रडत त्यांच्यामागं धावल्या. मग त्यांच्यामागं लहान्या. सारं वसतिगृह फाटकाकडे निघालं. तेवढ्यात व्हरांड्यातून तुझा आवाज आला. सुनी म्हणाली की एवढा मोठा आवाज बाईंनी सरावातही कधी काढला नव्हता.

"बाई म्हनल्या, 'पॅनिक', आनि आमी सप्पा जनी बसलो. जिथी होतो तिथी. चिखलात. मी फाटकाच्या भायेर होती, मी बी बसली. बाई म्हनल्या, हात धरा एकमेकीचा. मंग सगळ्यात लहानी सरकत सरकत पायरीवर गेली, बाईचा हात धराले. बाईनं तिले म्हनलं, माझा नको बेटा, हिचा धर. आनि म्हनल्या, काई नाई, पॅनिक आहे, जाईल. आता झाडं सांगा."

मुली झाडं सांगू लागल्या. मोह, तेंदू, बिजा, धावडा, ऐन, साग. पावसात भिजत, एकीनंतर एक. फाटकापासून पाळी सुरू झाली ती अंगणातून पायरीपर्यंत आली. "मंग बाईची पाळी आली," सुनी म्हणाली, "आनि आमी थांबलो." तू नेहमी कोणतं झाड सांगायचीस हे मुलींना पाठ होतं, तरी कोणी ते सांगितलं नाही. बाई विसरल्या असतील, आता सांगतील, म्हणून सगळ्या पावसात वाट पाहत बसून राहिल्या.

मी उठून गोठ्यात गेलो. तिथं काही काम नव्हतं. गाय माझ्याकडे पाहत रवंथ करत होती. माझ्या डोक्यात तुझं एकच वाक्य फिरत होतं, माझा नको. ताई, ते दुखणं तुला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हापासून असं कधी झालं नाही की ते आलं आणि तू हात मागितला नाहीस. पोस्टमनचा धरलास तू. खरं पॅनिक असतं तर त्या लहानीचा हात तू सोडला नसतास. तू तो धरला नाहीस, कारण तुझा हात गार पडत चालला होता, आणि ते त्या पोरीला कळू द्यायचं नव्हतं. तुला सगळं कळलं होतं. शब्दानं तुला फसवलं नाही. रपट्यावरचं पाणी आणि त्या बाजूला पळणारा मुलींचा घोळका तू पाहिलास आणि तो शब्द उचललास, जसा तो रोज सरावात उचलायचीस. तो त्यांच्यासाठी होता. 'जाईल' म्हणालीस, ते मात्र तुझं स्वतःचं म्हणणं होतं, आणि कोण जाणार ते तुला ठाऊक होतं.

मी कितीतरी वेळ गोठ्यात उभा होतो. हलकं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. आधी वाटायचं, तू फसून गेलीस, तर निदान न कळता गेलीस. आता कळतं की तू सगळं जाणून, सगळ्यांपुढं, एकटी गेलीस, आणि कोणाचा हातसुद्धा घेतला नाहीस. यापेक्षा आधीचा राग बरा होता. त्या रागात झोप तरी लागायची. पण तुझं ऋण मानायलाही माझी ना नाही. त्या दिवशी नाल्यातून एकही मुलगी काढावी लागली नाही, हे मी डोळ्यानं पाहून आलो होतो आणि मला त्याचा अर्थ कळला नव्हता.

संध्याकाळच्या गाडीनं त्या निघाल्या. मी स्टँडवर सोडायला गेलो. बेबीबाई लहान्या दोघींना घेऊन तिकिटाचं विचारायला गेल्या, सुनी माझ्याजवळ थांबली. बराच वेळ ती चपलेनं माती उकरत होती.

"भाऊ, एक इचारू?" म्हणाली. "मी नसती बसली तं? गेली असती तं डॉक्टर आला असता काय?"

ती एवढ्या लांबून बॅग द्यायला आलेली नव्हती, हे मला तेव्हा कळलं. मी म्हटलं, "पानी किती होतं म्हनली तू?"

"कमरेच्या वर."

"मंग डॉक्टर आला नसता. तू बी आली नसती. मी आज दोघींसाठी रडत बसलो असतो."

तिनं मान हलवली, पण समाधान झालेलं दिसलं नाही. मग खाली पाहतच तिनं विचारलं, "बाईले मालूम होतं काय? का हे पॅनिक नाई म्हून?"

ताई, नाही म्हणणं सोपं होतं. बाई चुकल्या बेटा, त्यांना कळलं नाही, असं म्हटलं असतं तर पोर मोकळी झाली असती आणि मीही. पंधरा-सोळा वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर हे कशाला ठेवायचं, की आपली बाई मरत होती आणि तिनं आपल्याला बसवून ठेवलं. नाटकात मी माणसाच्या तोंडात शब्द घालतो, इथं मला कोणी घालून देणारं नव्हतं. पण तू त्या मुलींशी एकदाच खोटं बोललीस, आणि त्याला कारण होतं. माझ्याकडे तसं कारण नव्हतं.

"होतं," मी म्हणालो.

सुनीनं वर पाहिलं. रडली नाही. मला वाटलं, आता ही विचारेल, मग सांगितलं का नाही. ती म्हणाली,

"मले बी मालूम होतं भाऊ. मी फाटकातून बाईचं तोंड पाह्यलं होतं. माहा आजा मेला तवा त्याचं तसंच झालतं. पन मी उठली असती तं लहान्या उठल्या असत्या. म्हून मी बसूनच राह्यली. माझ्या पाळीले झाडाचं नाव बी सांगतलं."

गाडी लागली. बेबीबाईंनी हाक मारली. सुनीनं वाकून माझ्या पायाला हात लावला आणि धावत न जाता, चालत जाऊन गाडीत चढली. तुला हे सांगायला हवं होतं, म्हणून घरी येऊन लिहायला बसलो.